हत्तीला रडवणारी शाळा

आमची शाळा पालमच्या पुढे. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि वीस मिनिटं चालायचं. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन मुख्याध्यापक बसतात, त्यांना सगळं गाव मोठे सर म्हणतं. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन मी. स्टाफ मीटिंग घ्यायची तर दोघांनी मधल्या दारात उभं राहिलं तरी भागतं.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याहून शाळेला दहा टॅब आले. गणित खेळातून शिकवायचं, असा आदेश सोबत होता. त्याच्या आधी परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मोठ्या सरांनी वयाचं कारण सांगितलं आणि मी गेले. तिथून परतले ते नवीन लग्न झालेल्या माणसासारखी. दुसरा विषयच तोंडात येईना. आता मुलं खेळतील, आता मुलं हसतील, आता गणिताची भीती म्हणजे काय हे मुलांना सांगावं लागेल, असं मी मोठ्या सरांना दोन दिवस ऐकवत होते.

मोठे सर पाढ्यांचे माणूस. पावकी, निमकी सगळं त्यांना अजून पाठ आहे. त्यांनी एक टॅब हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत ठेवला.

"मी काही म्हणत न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य म्हटल्यावर ते नेहमी काहीतरी म्हणतात. "पण म्याडम, पाटीला चार्जिंग लागत न्हाई."

"सर, पाटी शाब्बास पण म्हणत नाही," मी म्हणाले.

"शाब्बास म्हणायला आपण हाव की दोघं."

मी हसले आणि खोका उचलून माझ्या खोलीत नेला.

चार्जिंगचं त्यांचं खरं निघालं. शाळेतली लाइट स्वतःच्या मर्जीने येते आणि न सांगता जाते. तेव्हा रोज दहाच्या दहा टॅब मी पालमला घरी न्यायचे. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे तुकडे करून एकेक टॅब गुंडाळायचे आणि पिशवी मांडीवर धरून एसटीत बसायचे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. एकदा म्हणाला, "म्याडम, लेकरू दोन महिन्यांचं झालं की आता. नाव काय ठेवलं?" घरी ओट्यावर सगळे टॅब ओळीने लावले की सासूबाई म्हणायच्या, "दहा पाहुणे जेवायला बसल्यावानी दिसायलेत. वाढू का काही?"

एवढं सगळं मी हसत सहन केलं, कारण मुलं खूश होती.

खेळ असा होता. वर एक गणित यायचं, समजा सात गुणिले आठ. खाली चार फुगे, चार उत्तरं. मध्ये एक हत्तीचं पिल्लू बसलेलं. बरोबर फुगा दाबला की पिल्लू पुढचे दोन पाय उचलून टाळ्या वाजवायचं आणि एक बाई फार स्वच्छ मराठीत म्हणायच्या, "शाब्बास! खूप छान! असाच सराव सुरू ठेव!" चुकीचा फुगा दाबला की पिल्लाचे कान खाली पडायचे, ओठ थरथरायचा आणि डोळ्यांतून लिंबाएवढे थेंब गळायचे. सोंडेतून आवाज असा यायचा, की बॅटरी उतरलेल्या एसटीचा हॉर्नच. लागोपाठ तीन चुका झाल्या की त्याच्यापुढे बादली यायची. त्यानंतर काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणाला आम्ही सगळे शिक्षकच होतो. साहेब मागे उभे असताना चौथ्यांदा चुकायची हिंमत कोण करणार? एकाही शिक्षकाने बादलीच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं.

मधल्या सुट्टीनंतरचा तास टॅबचा. मोठ्या सरांची दुसरी आणि माझी तिसरी-चौथी, सगळी मुलं माझ्या खोलीत सतरंजीवर तीन-तीनच्या घोळक्याने बसायची. आणि मी काय करायचे? खुर्चीवर बसून माझ्या मोबाइलवर माहिती भरायचे. आमच्या खात्यात रोज कुठली ना कुठली माहिती आजच्या आज हवी असते. किती मुलांनी हात धुतले, किती झाडं जगली, जगलेल्या झाडांचे फोटो, न जगलेल्यांची कारणं. मुलं गुंतलेली आहेत, हे माझ्या पथ्यावरच पडत होतं. खोलीत मिनिटभर एकदम शांतता व्हायची, मग एका घोळक्यातून हसण्याचा फवारा उडायचा. मग परत शांतता. मी मान वर न करता मनातल्या मनात म्हणायचे, आनंददायी शिक्षण म्हणतात ते हेच.

त्याच दिवसांत दुसरी एक चांगली गोष्ट घडायला लागली. मधल्या सुट्टीत चौथीची पोरं दुसरीच्या लेकरांना कडुलिंबाखाली बसवून पाढे म्हणून घ्यायला लागली. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही. "सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास" असा गजर खिचडीच्या भांड्यांच्या आवाजावरून ऐकू यायचा. मोठे सर दारात उभे राहून मान डोलवायचे.

"मी काही म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पण माझ्या वर्गाचा वारा तुमच्या वर्गाला लागायलाय, म्याडम."

मी तेही ऐकून घेतलं. माझं सगळं लक्ष केंद्राच्या बैठकीकडे होतं. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक मोठ्या शाळेत जमतात, आणि आमच्यावर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख काय चाललंय ते बघतात. या वेळी टॅबचा हिशेब भिंतीवर दाखवणार होते. मी नवी साडी नेसून गेले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

भिंतीवर शाळांची नावं आली. प्रत्येक शाळेपुढे वर्गवार रंगीत पट्ट्या. जितकी उत्तरं बरोबर, तितकी पट्टी लांब. कुणाची हातभर, कुणाची वीतभर. आमच्या शाळेपुढे बघितलं तर दुसरीची पट्टी नखाएवढी, तिसरीची तिळाएवढी, आणि चौथीपुढे भिंतीचा चुना.

मला वाटलं, नेट गेलं असेल. मी हात वर केला. "सर, आमच्या चौथीची पट्टी दिसत नाही."

केंद्रप्रमुख बिचारे सज्जन. त्यांनी चष्मा वर करून भिंतीजवळ जाऊन बघितलं.

"पट्टी हाय, म्याडम," ते म्हणाले. "लांबी न्हाई."

सगळी खोली हसली. मीही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. पंधरवड्यात चौथीच्या मुलांचं एकही उत्तर बरोबर आलं नव्हतं. पूर्ण शून्य. केंद्रप्रमुख मला धीर देत म्हणाले, गुरुवारी मी स्वतः येतो, बघू काय अडचण आहे. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पोरं टॅब उलटा तर धरत नसतील?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती तोंड फुगवूनच. चौथीत एक मुलगी होती. घरी मेंढरं, दोन वेण्या, त्यांतल्या एकीची रिबीन कायम सुटलेली. वर्गात सगळ्यांत पुढे तीच असायची. मी तिला उभं केलं.

"सात आठे?"

"छप्पन्न." माझं 'आठे' पुरं व्हायच्या आत.

"नऊ सक?"

"चौपन्न."

"मग टॅबवर कामून येत न्हाई?" रागावले की माझी भाषाही गावाकडे वळते.

ती खाली बघायला लागली. मग तिच्या शेजारची खाली बघायला लागली. बघता बघता अख्खा वर्ग सतरंजीचे धागे मोजायला लागला. मला वाटलं, मुलांना लाज वाटली. आता आठवलं की हसू येतं. लाज बिलकूल नव्हती ती, त्यांना हसू दाबणं जड जात होतं. पण तेव्हा मी माझ्या नव्या साडीच्या दुःखात होते. मी टॅब पिशवीत भरले आणि जाहीर केलं, आता दोन दिवस कोणालाही टॅब नाही.

इथवर ठीक होतं. त्यानंतर मी जे केलं ते ठीक नव्हतं. त्या संध्याकाळी आठवडी बाजारात त्या मुलीची आई भेटली. मिरच्या निवडत होती. मी तिला थांबवलं आणि चार बायकांसमोर सांगितलं, की तुमची मुलगी गणितात कच्ची आहे, टॅबवर शून्य आलंय, जरा लक्ष द्या.

तिने मिरची हातातच धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"कच्ची? सांजच्याला मेंढरं वाडग्यात कोंडताना तीच मोजती, म्याडम. एक कमी असलं तर कोणतं कमी हाय ते बी सांगती. तुमचं यंत्र कच्चं असंल."

बायका हसल्या. त्या आठवड्यातला माझा हा दुसरा हशा. मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

पण माणसं तोंडावर एक बोलतात आणि घरी जाऊन दुसरं करतात. आईने माझ्यासमोर लेकीची बाजू घेतली आणि घरी गेल्यावर लेकीला धरलं. शाळेत जाऊन शून्य आणायचं असंल तर मेंढरांमागं काय वाईट, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना तिच्या नावापाशी माझा आवाज आपोआप बारीक व्हायला लागला. मी मोठ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मी काही म्हणत न्हाई," आणि त्या दिवशी खरंच काही म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं.

बुधवार आला. उद्या केंद्रप्रमुख येणार, सराव तर करून घ्यायला हवा, म्हणून मी टॅब परत बाहेर काढले आणि मुलांना वाटले. या वेळी मोबाइल पर्समध्ये ठेवला. पण अजून खुर्चीवरच होते.

नेहमीसारखी शांतता झाली. आणि एकाएकी दुसरीतल्या एका लहानग्याने असा गळा काढला की मोठे सर त्यांच्या खोलीतून खडू घेऊन तसेच धावत आले.

"काय झालं? विंचू का?"

लेकरू टॅबकडे बोट दाखवत हुंदके देत होतं. टॅबवर हत्ती टाळ्या वाजवत होता. त्या बाई म्हणत होत्या, "शाब्बास! खूप छान!"

"म्याडम," ते ओरडलं, "बरोबर आलंऽऽ!"

मी मोठ्या सरांकडे बघितलं. मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आलं तर रडायलास कामून?" मी विचारलं.

"आठ झाले होते. आता पयल्यापासून!" आणि त्याने परत सूर लावला.

शेजारच्या चौथीतल्या मुलाने त्याला दटावलं, "गप की! म्याडमला कळंल!" आणि मग त्यालाच कळलं की म्याडम समोर उभ्या आहेत.

तेव्हा मी पहिल्यांदा खुर्ची सोडली. साडी सावरून सतरंजीवर मुलांच्या मध्ये बसले आणि म्हणाले, "मला दाखवा. कोणाला रागवत नाही. काय खेळताय ते दाखवा."

आधी कोणी हलेना. मग एकीने टॅब माझ्यापुढे सरकवला, आणि मला आमच्या शाळेचा खरा अभ्यासक्रम समजला.

हत्तीने टाळ्या वाजवल्या की त्या वाजवल्या. दरवेळी तेवढ्याच, तशाच. मुलांना दुसऱ्याच दिवशी त्याचा कंटाळा आला होता. पण हत्ती रडायला लागला की त्याच्यात रोज नवीन मजा होती. तीन चुकांना बादली. पाच चुकांना बादली भरून वाहायची आणि हत्ती पाण्यात बसायचा. सात चुकांना त्याच्या डोक्यावर छत्री उघडायची. नऊ चुकांना पाणी गळ्यापर्यंत. आणि दहाला काय होतं, ते शाळेत एकाच व्यक्तीने बघितलं होतं, त्या मेंढरांवाल्या मुलीने. ती कोणाला सांगत नव्हती. ज्याचं त्याने बघायचं, असा तिचा नियम.

पण दहा लागोपाठ चुकणं सोपं नाही. डोळे झाकून दाबत गेलं तर मध्येच कुठेतरी उत्तर बरोबर येतं, हत्ती टाळ्या वाजवतो, बादली-छत्री सगळं जातं, आणि पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा त्या मुलीने पद्धत घालून दिली होती. आधी बरोबर उत्तर काढायचं. त्या फुग्यावर एकाने अलगद तळहात धरायचा, म्हणजे कोणाचं बोट चुकून तिकडे जाणार नाही. मग दुसऱ्याने उरलेल्या तीन फुग्यांपैकी कोणताही दाबायचा. चौथीच्या पोरांना आता हात धरायचीही गरज उरली नव्हती. दुसरीच्या लेकरांचे मात्र पाढे कच्चे, त्यांचं उत्तर चुकून बरोबर यायचं आणि घोळक्याचा खेळ मोडायचा. म्हणून मधल्या सुट्टीत लिंबाखाली पाढ्यांचा वर्ग.

मला भिंतीवरच्या त्या पट्ट्या आठवल्या. दुसरीची नखाएवढी, तिसरीची तिळाएवढी, चौथीची नाहीच. इयत्ता वाढत गेली तशी पट्टी लहान होत गेली होती, आणि मला, तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या बाईला, त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

मोठे सर दारातच उभे होते. लिंबाखालच्या पाढ्यांचं मूळ कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हंजी," ते म्हणाले, "माझ्या पाढ्यांवर हत्ती रडायलाय?"

"तुमच्या वर्गाचा वारा, सर," मी म्हणाले. एवढी संधी मी सोडणार नव्हते.

शाळा सुटल्यावर मी एसटीला गेले नाही. लेकरांनी सांगितलं की मेंढरं ओढ्यापलीकडे, सोयाबीन काढून झालेल्या रानात आहेत. मी पिशवी मोठ्या सरांकडे ठेवली आणि निघाले. माझ्या सँडलला त्या रानाची सवय नव्हती. धसकटं पायाला टोचत होती. मुलगी लांबून मला येताना बघत होती, पण पुढे आली नाही. मी धापा टाकत पोचले तेव्हा तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"म्याडम, बांधावरून यायचं की."

"आता सांगतेस," मी म्हणाले.

एक मेंढरू माझा पदर हुंगून गेलं. मग मी म्हणाले, "मला कळलं सगळं. तू चुकत नव्हतीस."

"चुकत होते की," ती म्हणाली. "पर मुद्दाम. चुकायला बी यावं लागतंय, म्याडम."

"मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी टॅबच काढून घेतले असते."

मी ते न सांगताही काढून घेतले होते, हे आम्हा दोघींनाही आठवलं. ती काठीने माती उकरत राहिली. मी तिला म्हणाले, की माझी चूक झाली. मी न बघता बोलले, आणि बाजारात बोलले. मुलांसमोर चूक कबूल करावी असं आम्ही प्रशिक्षणात लिहून घेतलेलं असतं. प्रत्यक्ष करताना त्या वहीतलं एकही वाक्य आठवेना. ती मात्र पटकन म्हणाली, "असू द्या," जसं एखाद्या लहान मुलीला म्हणावं.

तिची आई पलीकडच्या बांधावर सरपण गोळा करत होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. हत्ती, बादली, छत्री. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"म्हंजी माझी पोरगी हुशार हाय."

"आहे, ताई. वर्गात सगळ्यांत हुशार."

"अन् आगाऊ बी हाय."

"तेही आहे."

"हुशारी घरची," ती मोळी बांधत म्हणाली. "आगाऊपणा शाळेतला." मग मोळीची गाठ ओढून माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या येईल ती. रिबीन नवी आणलीय."

गुरुवारी केंद्रप्रमुख आले. मी रात्रीच ठरवलं होतं, की मुलांना बरोबर उत्तरं द्यायला लावून लांब पट्टी दाखवायची नाही. खरं आहे ते सांगायचं. मी सांगितलं. ते चहाचा कप हातात धरून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर अगदी मायेने म्हणाले, "म्याडम, निकाल कमी आला की प्रत्येक शिक्षक काहीतरी सांगतो. पण पोरं मुद्दाम चुकतात, हे मी पयल्यांदाच ऐकायलो."

मुलगी पुढच्याच ओळीत होती. ती उठली आणि टॅब त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "साहेब, तुमी दहा चुकून दाखवा."

वर्ग जागच्या जागी थिजला. मोठ्या सरांनी छताकडे बघितलं. केंद्रप्रमुखांनी मात्र कप खाली ठेवला.

"त्यात काय एवढं?"

पहिल्या पाच चुका त्यांनी रुबाबात केल्या. बादली आली, भरली, वाहिली, आणि मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. सहावीला ते जरा वाकले. आठवीला त्यांनी चष्मा काढून पुसला. नववं गणित आलं, सतरा सक. केंद्रप्रमुख थबकले. सतराचा पाढा ही अशी जागा आहे, जिथे भलेभले घसरतात. त्यांनी ओठ हलवले, बोट हलवलं, आणि एक फुगा दाबला.

हत्तीने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! खूप छान!"

"आऽऽऽ," अख्खी खोली कळवळली. दुसरीतल्या त्या लहानग्याने तर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझं बी असंच झालतं, साहेब."

केंद्रप्रमुख सतरंजीवर खाली बसले. "सतरा सक किती गं?" त्यांनी मुलीला हळूच विचारलं.

"एकशेदोन. हात ठेवू का त्याच्यावर?"

"ठेव," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ते दहाला पोचले. नियमाप्रमाणे बाकीच्या मुलांनी डोळे झाकले, बोटांतल्या फटी सोडून. मी मात्र उघड बघितलं. पाणी हत्तीच्या डोक्यावरून गेलं, टॅब सगळा निळा झाला. क्षणभर काहीच नाही. आणि मग त्या हत्तीने सोंड वर काढून सगळं पाणी ओढून घेतलं आणि समोर बघणाऱ्याच्या तोंडावर फस्सकन सोडलं. वर तो पोट धरून हसायलाही लागला. केंद्रप्रमुखांनी नकळत खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. त्या दिवशी आमच्या शाळेत जो हशा झाला तो ऐकून शेजारच्या अंगणवाडीतल्या ताई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'विद्यार्थ्यांना चुकीच्या उत्तरांचेही उत्तम ज्ञान आहे.' मोठ्या सरांनी तो शेरा दोनदा मोठ्याने वाचला.

पुढच्या बैठकीत आमची पट्टी बऱ्यापैकी लांब होती, कारण मुलांनी माझ्याशी सौदा केला होता. अर्धा तास हत्तीला हसवायचं, अर्धा तास रडवायचं. दिवाळीनंतर खेळ परस्पर बदलून आला. हत्तीचं रडणं बंद झालं. चूक झाली की तो नुसता मान हलवायचा आणि त्या बाई म्हणायच्या, "काही हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करूया." मुलांनी आठवडाभर दुखवटा पाळला आणि मग तो खेळ सोडून दिला. मोठे सरही खट्टू झाले. तेही लपून खेळायचे, हे मला तेव्हा कळलं.

ती मुलगी आता पालमला सहावीत आहे. एसटीत कधी भेटते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, की तिथल्या शाळेत टॅब नाहीत, पण गणिताचे सर फळ्यावर कधी कधी मुद्दाम चुकतात, कोणाच्या लक्षात येतं का ते बघायला. ती बोट वर करते. पण लगेच नाही, जरा गंमत बघून.

आमच्या दहांपैकी सहा टॅब अजून चालतात. नवा खेळ आला आहे, अपूर्णांकांचा, त्यात एक माकड भाकरीचे तुकडे करतं. तास सुरू झाला की मी सतरंजीवर मुलांच्या मध्ये बसते. गुडघे कुरकुरतात आणि उठताना दोन मुलींचे हात लागतात. परवा तिसरीतला एक घोळका माझ्याकडे पाठ करून अगदीच गप झाला, म्हणून मी मान लांब करून डोकावले. एकाने टॅब पोटाशी धरला.

"म्याडम," तो म्हणाला, "तुमी जरा तिकडं बघा."

मी तिकडं बघितलं.